कूपन रिपोर्ट चांगला, तरी चिल्ड वॉटरच्या पाइपला भोकं पडतात. न कापता गंज कसा तपासावा?

तुमच्या इमारतीच्या बंद चिल्ड वॉटर लाइनचा (एसीचं तेच थंड पाणी फिरवत ठेवणारी लाइन) कूपन रिपोर्ट दर तिमाहीला चांगला येतो आणि तरीही लोखंडी पाइपला बारीक भोकं पडून गळती होते, यात मला काहीच नवल वाटत नाही. पाइप न कापता सगळं कळत नाही. तरी आधी कूपनचा, म्हणजे लाइनच्या पाण्यात ठरावीक दिवस ठेवून वजनातली घट मोजायच्या धातूच्या पट्टीचा, हिशोब बघा, कारण केमिकलवाल्यांशी माझं जुनं भांडण त्यावरूनच आहे.

नेहमीची 3 बाय अर्धा इंच, 1.6 मिमी जाडीची पट्टी घ्या. क्षेत्रफळ साधारण 22 चौ. सेंमी. 90 दिवसांत, म्हणजे 2,160 तासांत, तिचं वजन 50 मिग्रॅ घटलं. सूत्र असं: 87.6 गुणिले घट (मिग्रॅ), भागिले घनता (7.86) गुणिले क्षेत्रफळ गुणिले तास. उत्तर येतं वर्षाला 0.012 मिमी. 6 मिमीचा पाइप पाचशे वर्षं टिकायला हवा! पण हीच 50 मिग्रॅ घट एकाच ठिकाणची असेल, तर पट्टीला सव्वादोन मिमी व्यासाचं आरपार भोक पडलेलं असतं. तागडीला दोन्ही सारखंच. म्हणून रिपोर्टातला आकडा राहू द्या. ॲसिडने साफ केलेली पट्टी हातात मागा आणि सर्वांत खोल खड्डा किती, ते लिहून घ्या.

दुसरं म्हणजे रॅक, कूपन लावायची बाजूची पाइपजोडणी. त्यात पाणी सेकंदाला मीटरभर वेगाने वाहतं, गाळ बसतच नाही. तुमची लाइन फुटते ती टोकाच्या फांदीत, पाणी जवळजवळ उभं असतं तिथे, तळाच्या गाळाखाली. त्या जागेबद्दल कूपन काहीच सांगत नाही. त्यातून रॅकमध्ये तांब्याची पट्टी लोखंडाच्या आधी लावलेली असेल, तर पाण्यात उतरलेलं तांबं लोखंडावर बसून खड्डे पाडतं आणि तो रिपोर्ट फुकट जातो. लोखंड आधी, तांबं नंतर, आणि पट्टी प्लॅस्टिकच्याच होल्डरवर.

न कापता करायचं ते अल्ट्रासोनिक जाडीमापन, म्हणजे बाहेरून आवाजाच्या लहरी सोडून भिंतीची जाडी मोजणं. इन्सुलेशन काढा, रंग खरवडा. रंगात आवाज सावकाश जातो, त्यामुळे रंगाची जाडी दुपटीहून जास्त होऊन लोखंडाच्या खात्यात जमा होते. स्टेप ब्लॉकवर (ठरलेल्या जाड्यांच्या पायऱ्यांचा ठोकळा) गेज जुळवा, ड्युअल प्रोब (लहर सोडणारा आणि ऐकणारा भाग वेगळा असलेला) वापरा. घड्याळाच्या 12, 3, 6, 9 अशा चार जागी वाचन घ्या. आडव्या पाइपात 6 वाजताची, म्हणजे तळाची, जागा महत्त्वाची, तिथे 25 मिमीची जाळी आखून मोजा. जागा पंचने खुणावू नका, पेंटने खुणावा. मूळ जाडी कोष्टकातून घेतलीत तर फसाल. 4 इंची शेड्यूल 40 (भिंतीच्या जाडीचा ठरलेला वर्ग) पाइप कागदावर 6.02 मिमी असतो, पण 12.5 टक्के कमीची सूट असल्याने 5.27 चा पाइपही नवाच. त्यामुळे पहिलं वाचन हाच पाया. निष्कर्ष दुसऱ्या फेरीत. आट्यांची जागा विसरू नका: 2 इंची पाइपची 3.91 मिमी भिंत, त्यातले जवळपास 1.8 मिमी आटे पाडतानाच जातात. ड्रेन आणि एअर व्हेंटचे निपल (आटे पाडलेले आखूड पाइप) आधी गळतात ते म्हणूनच. इन्सुलेशनखाली बाहेरून गंज दिसला तर दोष पाण्याचा नाही, इन्सुलेशनवरच्या फाटलेल्या व्हेपर बॅरियरचा (बाष्प अडवणारं आवरण).

आता कापण्याबद्दल. गळणाऱ्या फांदीतला फूटभर तुकडा दोन व्हॉल्व्हच्या मधून काढा आणि तिथे फ्लँजचा स्पूल (दोन्ही टोकांना बोल्टने जोडायचा पाइपचा तुकडा) बसवा, म्हणजे पुढच्या वेळी नुसते बोल्ट सोडायचे. गॅस कटर नको, उष्णतेने आतला गंजाचा थर जळतो, करवतच. कापण्याआधी वरची बाजू आणि प्रवाहाची दिशा लिहा. मग उभा चिरा, पण तळाची रेघ चिरेत येऊ देऊ नका. साफ करण्याआधी फोटो. गंजाची गाठ फोडल्यावर खाली काळा ओला गाळ असेल तर तो लगेच बंद डबीत भरून तपासायला द्या. मग ॲसिडने धुऊन पिट गेजने खड्ड्यांची खोली मोजा.

पाण्याच्या चाचणीत एकूण आणि विरघळलेलं लोह वेगळं मागा. दुसऱ्यासाठी नमुना 0.45 मायक्रॉनने गाळलेला हवा. लोह कमी आलं म्हणजे गंज नाही असं नव्हे, ते तळाशी बसलेलं असू शकतं. मेकअप लाइनवर (कमी झालेलं पाणी भरून काढणारी) मीटर नसेल तर आजच बसवा. 1,000 लिटर ताज्या पाण्याबरोबर 8 ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन येतो आणि तो 20 ग्रॅम लोखंड खाऊ शकतो. वर तेवढंच इन्हिबिटर (गंज रोखणारं केमिकल) पातळ होतं. गळणारं पंप सील महिनोनमहिने तसंच ठेवून केमिकलचा डोस वाढवत बसणं मला तरी समजत नाही.

हे सगळं बंद लाइनपुरतं. पिण्याच्या लाइनला वेगळी तपासणी लागते: सहा तास नळ न उघडता पहिलंच एक लिटर पाणी धरून त्यातलं तांबं आणि शिसं. आणि कूपन अगदीच टाकाऊ नाही. इन्हिबिटर बदलल्यावर आधीचा-नंतरचा फरक त्यावर बरा कळतो. पाइप बदलायचा की नाही, हे तुकडा चिरल्यावर ठरवा. खड्डे फक्त टोकाच्या फांद्यांत असतील तर तेवढ्याच बदला. मुख्य राइझरच्या (मजल्यांमधून वर जाणारा उभा पाइप) तळालाही तसेच दिसले तर इन्हिबिटरचं कंत्राट वाढवण्याआधी नव्या लाइनचा अंदाज मागवा.