देकार्तच्या शंकेत वेळ घालवावा का?

प्रश्न : एम.ए.ला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त आहे. ‘हे सगळं स्वप्न असेल तर?’ ही शंका आज कशाला अभ्यासायची? – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : अभ्यास गं, जरूर. माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्या डोळ्याला घरची भिंत पांढरीशुभ्र, जरा निळसरच दिसली. डाव्याला तीच पिवळट. कितीतरी वर्षं मी त्या पिवळटालाच पांढरं म्हणत होते! देकार्तनं १६४१ मध्ये हा धागा टोकाला नेला : इंद्रियं फसवतात, स्वप्नही जागेपणासारखंच वाटतं, मग खात्रीचं काय उरतं? शंका घेणारा ‘मी’. त्याला संशयात राहायचं नव्हतं, ज्ञानाला पाया हवा होता. वर्गात नेमकं हेच निसटतं. १९३९ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ मूरनं नुसते आपले दोन हात दाखवून म्हटलं, मनाबाहेरचं जग आहे हे सिद्ध झालं. मला ते पुरत नाही. तुला पुरतं का, ते लिहून कळव.