ओल राहिली की फोड परत येतात

प्रश्न : माझी ३० फुटी फायबरची शिडाची बोट १९८६ ची. पावसाळ्यासाठी मुंबई बंदरातून वर काढली, तर तळाला वाटाण्याएवढे फोड. लगेच घासून इपॉक्सीचा जलरोधक थर देऊ का?

उत्तर : लगेच नको, अगदी कळकळीने सांगतो. आधी एक फोड टोच्याने फोडून पाहा. डोळ्यांवर गॉगल हवाच. आतलं पाणी दाबाखाली असतं, चिळकांडी उडते. हातमोज्याला चिकट लागेल, व्हिनेगरसारखा आंबूस वास येईल. जेलकोटमधून, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून, पाणी वर्षानुवर्षं झिरपतं, फायबरला बांधणाऱ्या पॉलिस्टर रेझिनमधल्या सुट्या रसायनांत मिसळतं, आणि ते दाट द्रावण बाहेरचं आणखी पाणी ओढून घेतं. त्यातून फोड उठतो.

आपल्याकडे बोट वर येते तीच हवा दमट असताना. जुलैत ताडपत्रीखाली काही वाळत नाही. तेव्हा पावसाळ्यात फोड नुसते उघडून ठेवा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा. वाळवण ऑक्टोबरच्या उन्हात. मग तळावर फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. दिवसभराच्या उन्हानंतर आतल्या बाजूला थेंब दिसले, तर ओल आहे. थांबा. हंगामाचे दोन महिने गेले तरी चालतील. ओल्या तळावर इपॉक्सी चढवली की पाणी आतच कोंडतं. फोड पंधरा-वीसच असतील तर तेवढेच इपॉक्सी फिलरने भरा. गाडीच्या डेंटिंगची पुटी इथे चालत नाही, ती पाणी धरते. एवढ्याशा फोडांसाठी अख्खा जेलकोट सोलायला कोणी सांगितलं, तर ऐकू नका.

प्रश्न : शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून तळाला तांब्याचा अँटिफाउलिंग रंग लावतो. सेलड्राइव्हलाही, म्हणजे तळातून पाण्यात उतरणाऱ्या इंजिनाच्या पंख्याच्या पायालाही, तोच लावला तर?

उत्तर : मुळीच नको. सेलड्राइव्ह अॅल्युमिनियमचा, खाऱ्या पाण्यात तांब्याशी संबंध आला की तो खाल्ला जातो. त्याला तांबंविरहित रंग लावा, भोवती बोटभर पट्टी मोकळी सोडा, आणि अॅनोडवर (स्वतः झिजून सेलड्राइव्ह वाचवणारा धातूचा तुकडा) कधीच रंग नको. जुना रंग कोरडा घासू नका. ती धूळ विषारी असते. पाणी मारत वॉटर पेपरने घासा, तोंडावर मास्क ठेवा.

प्रश्न : पाण्यावरची पांढरी बाजू खडूसारखी झाली आहे. हात लावला की पूड येते.

उत्तर : उन्हाने जेलकोटचा वरचा थर मेला आहे. रबिंग कंपाउंड, मग वॅक्सचे दोन हात. पण जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, दरवर्षी कंपाउंड केलं तर लवकरच खालचे धागे दिसतील. एकदा नीट करा, नंतर वर्षातून दोनदा फक्त वॅक्स.