आई आंघोळीला तयारच होत नाही

प्रश्न: ताई, माझ्या आईला डिमेन्शिया आहे, वय ७८. आयुष्यभर पारोशाने कधी गॅसला हात लावला नाही, आणि आता आठ-आठ दिवस आंघोळ नको म्हणते. विचारलं की "सकाळीच झाली माझी". बळेच नेलं तर ओरडते, नखं मारते. बायकोची नोकरी, मी घरून काम करतो, त्यामुळे हे माझ्यावरच येतं आणि मुलगा म्हणून मलाही अवघडल्यासारखं होतं. कपड्यांना लघवीचा वास येतो. काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर: दादा, आधी तो "झाली / नाही झाली" वाद बंद करा. आई खोटं नाही बोलत, तिच्या मते खरंच झालेली असते. आणि रोजच्या आंघोळीचा हट्ट सोडा, आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. पण लघवी-शीची जागा, काखा, छातीखालच्या घड्या, पायाच्या बोटांच्या बेचक्या हे मात्र रोज कोमट पाण्याच्या फडक्याने पुसायचं (खालची जागा पुढून मागे) आणि नीट कोरडं करायचं, ओल राहिली की तिथे फंगल इन्फेक्शन होऊ शकतं.

बऱ्याच पेशंटना पाण्याची भीतीच वाटते. शॉवरचं पाणी डोक्यावर पडलं की घाबरतात, म्हणून शॉवर नको, बादली आणि तांब्याच बरा, तो तिच्या हाताला आयुष्यभराचा माहितीये. तांब्या तिच्याच हातात द्या, पाणी आधी पायावर, केस वेगळ्या दिवशी. टॉवेल, साबण, कपडे सगळं आधी काढून ठेवा, पाणी बादलीत कालवून कोपराने बघा, पाठ टेकायला प्लास्टिकची खुर्ची, खाली अँटीस्किड मॅट (काळी नको, यांना ती खड्ड्यासारखी दिसू शकते), आणि बाथरूमची आतली कडी आजच काढून टाका.

"आंघोळ करतेस का?" असं विचारूच नका, उत्तर "नाही" असंच येणार. "देवाची पूजा राहिलीये, पाणी काढलंय, चल" म्हणा. नाहीतर आधी हाताला तेल चोळा, मग "चल धुऊन टाकू" (तळपायाला तेल नको, घसरतील). चिडली तर सोडून द्या, अर्ध्या तासाने परत.

आता संकोचाचं. तुम्ही मुलगा आहात हे तिला त्या क्षणी कळतच असेल असं नाही, कोणीतरी परका पुरुष कपडे काढतोय असं वाटलं तर कोणतीही बाई नखं मारेलच ना! गाऊन घालूनच पाणी घ्या, खालून हात घालून तिलाच चोळू द्या. नदीवर बायका लुगड्यानिशीच आंघोळ करायच्या की. तरी नाही जमलं तर आठवड्यातून दोनदा फक्त एवढ्यासाठी एखाद्या मावशी लावा, आणि सुट्टीच्या दिवशी वहिनींनी बघावं, यात तुम्ही कुठे कमी पडताय असं मला तरी वाटत नाही.

वासासाठी दर दोन तासांनी तिला टॉयलेटला नेऊन बसवा, विचारत बसू नका. साडी-परकरापेक्षा गाऊन सोपा पडतो, तिला आवडतो त्याच रंगाचे दोन-तीन घ्या म्हणजे बदललेला कळत नाही. पॅन्ट डायपर लावला तरी ओला झाला की लगेच बदलायचा, "अजून चालेल" म्हणून ठेवायचा नाही. आणि वास एकदम वाढला, किंवा एक-दोन दिवसातच गोंधळ, बडबड, झोपाळूपणा खूप वाढला तर आजार वाढला म्हणून गप्प बसू नका, युरिन इन्फेक्शन असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.