ताप नसताना न्यूमोनिया असू शकतो का?

हो, असू शकतो. म्हातारपणी तर हे नेहमी दिसतं. तुम्ही लिहिलंय की वडील ७२ वर्षांचे, ताप नाही, खोकला जेमतेम, पण दोन दिवस जेवण तुटलंय आणि बोलताना गोंधळतात. तरी डॉक्टर छातीचा एक्स-रे काढायला का सांगतात, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून आजच काढा. अचानक आलेला गोंधळ हेच मोठं लक्षण आहे. माझी आई एका रात्री मला मामाच्या नावाने हाक मारायला लागली. आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलं आणि एक अख्खा दिवस घालवला.

फुप्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात. न्यूमोनियात त्यांत पू नि पाणी साचतं, रक्ताला प्राणवायू कमी पडतो आणि शरीर भराभर श्वास घेऊन ती तूट भरू बघतं. म्हणून आत्ता त्यांचे श्वास मोजा. पांघरूण बाजूला करा, घड्याळ समोर धरा आणि छाती किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा. मोजतोय हे त्यांना कळू देऊ नका, कळलं की श्वासाची लय बदलते. निवांत पडलेल्या मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० भरतात. आईचे ३४ भरले होते. ३० किंवा त्यापुढे गेले, किंवा ओठ निळसर दिसले, तर एक्स-रेची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

कारण बहुतेकदा जिवाणू असतो, न्यूमोकोकस त्यातला नेहमीचा. फ्लू, कोविडसारखे विषाणूही असतात. अँटिबायोटिक जिवाणूंवरच चालतं, त्यामुळे घरात उरलेल्या गोळ्या देऊ नका. डॉक्टरांनी दिलेला कोर्स मात्र दोन दिवसांत बरं वाटलं तरी पुरा करा.

आणखी एक विचारतो, पाणी पिताना त्यांना ठसका लागतो का? आईला लागायचा, आणि तो आम्ही डॉक्टरांना सांगितलाच नव्हता. अन्नपाणी श्वासनलिकेत उतरूनही न्यूमोनिया होतो. तसं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, आणि ताठ बसवल्याशिवाय घोटभरही पाजू नका.

बरं झाल्यावरही थकवा कित्येक आठवडे राहतो, एक्स-रेवरचा डागही सावकाश जातो. त्याने घाबरू नका. न्यूमोकोकस आणि फ्लूच्या लशींचं तेव्हा डॉक्टरांना विचारून घ्या. आत्ता आधी श्वास मोजा.