‘सकर काढा’ म्हणजे काय काढायचं?

प्रश्न : जूनमध्ये टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची) ग्रँड नैन जातीची केळी लावली. रोपांसोबतच्या पत्रकात ‘सकर वेळच्या वेळी काढा’ असं छापलंय. गावात कुणी म्हणतं, ही रस शोषणारी कीड आहे, फवारणी घ्या. कोणती घ्यावी?
— एक केळी उत्पादक, यावल तालुका

उत्तर : कोणतीच नको. मावा, फुलकिडे यांना ‘सकिंग पेस्ट’ म्हणतात, त्यावरून हा घोळ झालेला दिसतो. सकर म्हणजे आपलं पील. लागवडीसाठी कंदासकट खणून काढलं की त्यालाच आपण मुनवा म्हणतो.

केळीचं खरं खोड जमिनीखालचा कंद. वर दिसतं ते पानांच्या तळांची घट्ट गुंडाळी. कंदाच्या डोळ्यांतून पिलं फुटतात आणि स्वतःची मुळं नि पानं पुरेशी होईपर्यंत मायझाडाच्याच जिवावर वाढतात. ती राखली तर निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, लांबते आणि घड हलका पडतो.

म्हणून दर १५-२० दिवसांनी बागेत फिरून पिलं जमिनीलगत विळ्यानं कापा. उपटू नका, मायझाडाची मुळं दुखावतात आणि पुढे घडाच्या भारानं झाड कलतं. वरवर छाटलेलं पील मात्र आठवड्याभरात पुन्हा डोकं काढतं, कारण त्याचा वाढता कोंब खाली शाबूत असतो. विळा तिथपर्यंत पोचला पाहिजे. रोगट झाड कापलेला विळा तसाच निरोगी झाडाला लावू नका.

पिलबाग, म्हणजे राखलेल्या पिलापासून पुढचं पीक, घ्यायची असेल तर झाड निसवल्यावर एकच पील राखा. सगळ्या झाडांची एकाच बाजूची राखलीत तर ओळ आणि ठिबकची नळी जुळून राहते. अरुंद, तलवारीसारख्या पानांचं, बुंध्याशी जाड पील निवडा. लहानपणीच रुंद पानं काढणारं पील दिसायला टवटवीत, पण त्याची कंदाशी पकड कच्ची असते. पत्रकात ‘वॉटर सकर’ लिहिलेलं असतं ते हेच. मुनवे विकत घेतानाही हीच पारख. कंद ४५० ते ७५० ग्रॅमचा हवा. पर्णगुच्छ किंवा सीएमव्ही (दोन्ही विषाणूजन्य रोग) असलेल्या बागेतले मुनवे फुकट मिळाले तरी आणू नका, रोग त्यांच्यासोबतच येतो.

मोसंबीच्या पत्रकात हाच शब्द आला तर अर्थ वेगळा : डोळा बांधलेल्या जागेखाली खुंटावर (ज्यावर मोसंबीचा डोळा बांधतात त्या झाडावर) आलेला फुटवा. तो कोवळा असतानाच हातानं मोडावा. राहिला तर खुंट फोफावतो आणि मोसंबी मागे पडते.