वाचक विचारतात: झिरोचा बल्ब, जुनी पट्टी आणि खारा वारा

प्रश्न (फोंडा): आमच्या कौलारू घरात चोकवाल्या सहा ट्यूब, ६० वॉटचे चार बल्ब आणि देवघरात दिवसरात्र चालणारा तांबडा झिरोचा बल्ब आहे. सगळे एकदम बदलणे परवडत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: देवघरापासून. नाव झिरो असले तरी तो बल्ब १२ ते १५ वॉट खातो. १५ वॉट धरले तर अखंड चालून वर्षाला १३१ युनिट होतात. त्याच जागी अर्ध्या वॉटचा तांबडा एलईडी वर्षभरात साडेचार युनिटही घेत नाही. उलट न्हाणीघरातला ६० वॉटचा बल्ब रोज अर्धा तास लागत असेल तर वर्षाला ११ युनिट. म्हणजे वॉटपेक्षा तास मोजा.

त्यानंतर पडवीतला बल्ब. ६० च्या जागी ९ वॉटचा लावला आणि तो रोज पाच तास चालला, तर वर्षाला ९३ युनिट वाचतात. जुनी ट्यूब चोकसकट ५० वॉटच्या आसपास घेते. २० वॉटची एलईडी ट्यूब लावली तर तेवढ्याच तासांत ५५ युनिट वाचतात. माळ्यावरचा बल्ब जाईपर्यंत तसाच राहू द्या.

घेताना खोक्यावर ल्युमेन, म्हणजे उजेडाचे माप, वाचा. ९ वॉटच्या बल्बला ८०० ते ९०० ल्युमेन हवेत. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांकही पाहा. दुकानात पेटवून मोबाइलचा कॅमेरा जवळ धरा. पडद्यावर काळे पट्टे ठळक सरकताना दिसले तर उजेड लुकलुकतो आहे, तो बल्ब अभ्यासाच्या टेबलासाठी घेऊ नका.

प्रश्न (डिचोली): एलईडी ट्यूब आणली, जुन्या पट्टीत (ट्यूबच्या फिटिंगमध्ये) बसवली, स्टार्टर काढला. पेटत नाही. दुकानदार म्हणतो ट्यूब चांगली आहे.

उत्तर: दुकानदार खरे बोलत असावा. एलईडी ट्यूब दोन जातींच्या मिळतात. एकीत फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाच्या दोन पिनांना लागतात, दुसऱ्या टोकाच्या पिना आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. दुसऱ्या जातीत फेज एका टोकाला, न्यूट्रल दुसऱ्या टोकाला. कोणती आहे ते ट्यूबवरच्या आकृतीत दिसते, ‘एल’ आणि ‘एन’ अक्षरे पाहा.

तुमची पहिल्या जातीची दिसते. तिच्या खोक्यात स्टार्टरसारखीच दिसणारी एक डबी असते, ती बहुधा खोक्यातच राहिली. ती जुन्या स्टार्टरच्या जागी लावली की तांब्याच्या (जुन्या, जड) चोकवर ट्यूब पेटेल. दुसऱ्या जातीला मात्र ती डबी कधीही लावू नका. तिथे वीज ट्यूबला वळसा घालून डबीतून सरळ जाते आणि चोक तापत राहतो. चोक काढलेला असेल तर सरळ शॉर्ट. पट्टीत इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर तो काढावाच लागतो, तांब्याच्या चोकसाठी केलेली ट्यूब त्यावर जळते.

चोक काढूनच टाकायचा असेल तर नुसते बटण बंद करून भागणार नाही. बोर्डातला एमसीबी (आपोआप पडणारा खटका) पाडा, दोन्ही वायरी टेस्टरने तपासा. पट्टीत गोल डबीसारखा कपॅसिटर असेल तर वीज गेल्यावरही त्यात भार राहू शकतो, त्याच्या टोकांना हात लावू नका. चोक, स्टार्टर, कपॅसिटर तिन्ही काढून आकृतीप्रमाणे दोनच वायरी होल्डरला न्या. एकाच टोकाला वीज दिली असेल तर त्या टोकाशी पट्टीवर मार्करने ‘वीज इकडे’ लिहा. ट्यूब उलटी बसली तर जोडलेल्या पिना फेज-न्यूट्रलमध्ये येतात आणि एमसीबी पडतो. शिवाय ‘फक्त एलईडी’ असेही लिहा, नाहीतर उद्या कोणी जुनी काचेची ट्यूब त्यात खुपसेल.

होल्डरचे प्लास्टिक पिवळे पडून तडकले असेल तर ही खटपट करूच नका. २० वॉटची अखंड एलईडी पट्टी (बॅटन) घ्या. दोन स्क्रू, दोन वायरी, काम संपले.

प्रश्न (मोरजी): बाल्कांवातल्या (घरापुढच्या बसायच्या ओसरीतल्या) काचेच्या बंद गोळ्यात ९ वॉटचे एलईडी बल्ब आठ महिन्यांत जातात. पूर्वीचे साधे बल्ब तिथेच टिकत.

उत्तर: साध्या बल्बला उष्णतेची पर्वा नव्हती, एलईडीला आहे. बल्बच्या मानेत ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज पुरवणारे सर्किट) असतो आणि त्यातला कपॅसिटर दर १० अंश जास्त तापला की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. बंद गोळ्यात हवा खेळत नाही. बल्ब खाली तोंड करून लटकत असेल तर सगळी ऊब वर मानेकडेच जाते. तिथे ५ वॉटचा लावा किंवा खालून उघडी शेड घ्या.

दुसरा संशय खाऱ्या वाऱ्यावर. वीज बंद करून होल्डरात पाहा. पितळी पिनांवर हिरवा गंज आणि स्प्रिंग ढिली असेल तर आत ठिणग्या उडतात, ड्रायव्हर त्यानेही मरतो. घासत बसू नका, होल्डर बदला. पाऊस थेट लागतो तिथे आयपी ६५ ची (धूळ-पाणी आत न जाऊ देणारी) बंद फिटिंग घ्या आणि वायर खालून आत न्या, वरून नेली की पाणी तिच्याबरोबर आत उतरते. मे महिन्यातल्या गडगडाटानंतर चार-पाच दिवे एकदम गेले असतील तर दोष दिव्यांचा नाही, मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब जमिनीत सोडणारे साधन) हवा. अर्थिंग धड नसेल तर त्याचा उपयोग नाही, आधी तेच तपासून घ्या.

आणि तिथे पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनचा (खोक्यावरचे उजेडाच्या रंगाचे माप) उजेड निवडा. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे पांढऱ्याशुभ्र दिव्यावर जास्त झेपावतात.

प्रश्न (साखळी): बटण बंद केले तरी एलईडी मंद पेटलेला राहतो.

उत्तर: बटणात इंडिकेटरचा बारीक दिवा असेल तर त्यातून झिरपणारी वीज पुरते. तो काढून टाका. इंडिकेटर नसेल तर बटण न्यूट्रलवर बसवलेले असण्याची शक्यता मोठी. बटण बंद असताना होल्डरात टेस्टर लख्ख पेटला तर वायरमनला बोलावून फेज बटणावर घ्यायला सांगा. बल्ब बदलताना धक्का बसतो तो याच चुकीने.

प्रश्न (मडगाव): काढलेल्या सीएफएल आणि ट्यूब कुठे टाकायच्या? एक सीएफएल घरातच फुटली.

उत्तर: दोन्हींत पारा असतो. फुटल्यावर खिडक्या उघडून पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबा. केरसुणी किंवा व्हॅक्यूम लावू नका, पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, उरलेली भुकटी चिकटपट्टीने टिपा आणि सगळे झाकणाच्या बरणीत बंद करा. अखंड दिवे सुक्या कचऱ्यात मिसळू नका, पालिकेच्या किंवा पंचायतीच्या कचरागाडीला वेगळे द्या. तोवर जुनी बारीक ट्यूब ठेवायला नव्या एलईडी ट्यूबचे खोके नेमके होते. जाड ट्यूब मात्र त्यात मावत नाही, ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटामागे उभी करा.