आधी वासाला नाव द्या

ताई, ३ टक्के कडुनिंब तेल आणि कच्चं शिया बटर (शिया झाडाच्या बियांचं घट्ट तेल) घातलेल्या क्रीमचा वास जात नाही, मग लॅव्हेंडर तेलाचे चार थेंब टाकून त्याला ‘सुगंधविरहित’ म्हणता येईल का, असं विचारलंय तुम्ही. नाही येणार. लॅव्हेंडर तेल कितीही नैसर्गिक असलं तरी त्वचेच्या लेखी तो सुगंधच. त्यातलं लिनालूल, म्हणजे वासाचा एक घटक, हवेने ऑक्सिडाइज झालं की अ‍ॅलर्जी करू शकतं, आणि तुमचं गिऱ्हाईक नेमकं तेच टाळायला तुमच्याकडे येतं. (‘अनसेंटेड’ लिहिलेल्या डब्यात वास दाबणारा सुगंध असू शकतो, ‘फ्रॅग्रन्स-फ्री’त तो नसायला हवा. हा घोळ सगळीकडे आहे.)

मी आधी वासाला नाव देते. मराठीत शब्दांना तोटा नाही. खवट असेल तर तेल ऑक्सिडाइज झालंय. जवसाचं तेल यात सगळ्यांत पुढे. व्हिटॅमिन ई घातल्याने खवटपणा लांबतो, आलेला जात नाही. वशाट असेल तर बहुधा अमाइन (नायट्रोजनचं, माशासारख्या वासाचं संयुग), बीटीएमएससारख्या कंडिशनरच्या इमल्सिफायरमधून, म्हणजे तेल-पाणी एकजीव करणाऱ्या घटकातून आलेलं. पीएच (आंबटपणाचं माप) लॅक्टिक अ‍ॅसिडने साडेचारच्या आसपास आणला की अमाइनचा क्षार (सॉल्ट) होतो आणि ते उडायचं थांबतं. कुबट आला तर झाकाझाकी नकोच, बॅच टाकून द्या, आत काहीतरी वाढतंय.

तुमचा दर्प लसणीच्या जातीचा. कडुनिंब तेलातल्या गंधकाच्या संयुगांचा तो, आणि अशी संयुगं नाकाला किंचितशीही पुरतात. एकदा दिवसभर तेच हुंगून मी ‘आता वासच नाही’ म्हणून बॅच पास केली. संध्याकाळी नणंद दारातूनच म्हणाली, ‘वहिनी, फोडणीत लसूण जळली का?’ तेव्हापासून शेवटचा हुंगायचा मान घरच्यांना, तोही मनगटावर लावून दहा मिनिटांनी.

५०-५० ग्रॅमच्या तीन वाट्या करा: एकीत कडुनिंब नाही, एकीत शिया नाही, एकीत दोन्ही नाहीत. माझा अंदाज, कडुनिंब अर्ध्या टक्क्यावर आणलं किंवा काढूनच टाकलं तर निम्मा प्रश्न सुटेल. खरं सांगा, ते त्वचेसाठी आहे की लेबलसाठी? लाकडी घाण्याच्या तेलाचा हट्टही इथे सोडा. रिफाइंड शिया घ्या. निर्वात पात्रात गरम वाफ सोडून त्यातले वासाचे रेणू काढलेले असतात.

एवढं करून वास उरलाच, तर सायक्लोडेक्स्ट्रिन. ग्लुकोजचं कडं असतं ते, आतल्या पोकळीत वासाचा रेणू अडकून बसतो. बीटा प्रकार १०० मिलि पाण्यात जेमतेम पावणेदोन-दोन ग्रॅम विरघळतो, म्हणून हायड्रॉक्सीप्रोपिल प्रकार मागा. पण त्याच पोकळीत पॅराबेन हे प्रिझर्वेटिव्हही जाऊन बसतं आणि निकामी होतं. तेव्हा सायक्लोडेक्स्ट्रिन घातलेल्या बॅचची प्रिझर्वेटिव्हची चाचणी नव्याने करून घ्या, जुना रिपोर्ट चालणार नाही.